थंड इंजिन

मानकापूरच्या यार्डात हटवारनं स्वतःच्या हातानं
चारी चाकांखाली चार लिंबं ठेवली,
नारळ फोडला अन् म्हणाला, "दाबा ताई.
डॉक्टरीण बाईची गाडी हाय, दवाखाना ते घर, बस.
माशी नाई बसली हिच्यावर."
मी क्लच सोडला.
एक लिंबू फुटलंच नाही, गडगडत नालीत गेलं.
तेव्हा आम्ही सगळे हसलो.

मीटरवर एकतीस हजार दोनशे सहा.
तिसऱ्या आठवड्यात काटोल रोडवर
आरशात मागचं काही दिसेना, इतका धूर.
उके मिस्त्रीनं ऑइलची कांडी ओढली,
बोटावर घेतलं, हुंगलं,
आणि घरचं कुणी गेल्याचं सांगावं तसा म्हणाला,
"मॅडम, लाखाच्या वर फिरली हाय ही.
पेडलचं रबर पाहा.
मीटर खोटं बोलते, रबर नाई बोलत."
रबर गुळगुळीत होतं,
शाळेतल्या शेवटच्या बाकाच्या कडेसारखं.

सिव्हिल लाइन्सला लांजेवार वकीलबाई.
"अमेरिकेत अशा गाडीला लिंबू म्हणतात, ठाऊक आहे?
लिंबाचा कायदाच आहे तिकडे.
पण तोही बहुतेक ठिकाणी नव्या गाडीपुरता.
जुनी घेणारा तिथंही बरेचदा पिळलाच जातो."
मला नालीतलं लिंबू आठवलं.
"अन् आपल्याकडे?"
"ग्राहक आयोग आहे. विकणारा धंदेवाला असेल तर.
खोटं सांगून विकली, हे दाखवता आलं तर.
पावती आहे?"

पावती होती.
हटवारचं नाव तिच्यात कुठंच नव्हतं.
विकणार: सुलभा पौनीकर, राहणार प्रतापनगर.
घेणार: मी.
खाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत,
जशी आहे तशी, जिथं आहे तिथं.
हटवार म्हणजे आमच्या दोघींमधली नुसती हवा,
कमिशन घेऊन वाहणारी.
"माणसानं माणसाला विकली, तर तो धंदा नाही,"
वकीलबाई म्हणाल्या. "दिवाणी कोर्ट आहे म्हणा."
आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

पौनीकरबाई डॉक्टर नव्हत्याच. विम्याच्या ऑफिसातून निवृत्त.
"एक लाख अठरा हजार फिरली होती," त्या सरळ म्हणाल्या,
"मी लिहून दिलं होतं त्याला."
पोहे दिले, वर तर्री.
दारापर्यंत आल्या, गाडीला हात लावला,
विचारलं, "अजून खोकते का सकाळी?"

खोकते. थंड असली की खोकते.
एकदा तापली की शहाण्या मुलीसारखी चालते.

म्हणून वर्षभरानं, मे महिन्यात,
वाडीचा प्रज्योत रहांगडाले नावाचा मुलगा
दहा वाजता गाडी बघायला येणार होता
तेव्हा मी साडेनवालाच खाली उतरले,
वीस मिनिटं इंजिन चालवलं,
बंद केलं, वर जाऊन केस विंचरले.

त्यानं हेल्मेट काढलं, बॉनेटवर तळवा ठेवला.
कुणीतरी शिकवून पाठवलं असणार.
"गरम आहे."
"मे आहे," मी म्हणाले.
त्याला पटलं. नागपुरात मे महिन्यात
कुणाचं बॉनेट गार असतं?
त्यानं टोकनचे पाच हजार काढले,
पाचशेच्या दहा नोटा, घामानं मऊ झालेल्या.

कायदा उभा नव्हता आमच्या आसपास कुठंच.
मी माणूस, तो माणूस. धंदा नाही.
माझ्या बोटांना त्या नोटांचा ओलेपणा लागला
आणि मी हात मागे घेतला.

"उद्या पहाटे पाचला या," मी म्हणाले.
"किल्ली चौकीदाराजवळ ठेवते.
मी उठायच्या आत स्वतः सुरू करून पाहा.
अन् पेडलचं रबर बघा."

तो नोटा धरून तसाच उभा राहिला.
त्याला वाटलं असावं,
मला भाव वाढवायचा आहे.