माप

ओतूरला थंडी पडली की
सुरमीच्या बरगड्या मोजता येतात.
कारवानी जात, अंगावर मांस म्हणून नाही,
परीक्षकांना तेच लागतं.

मी माप घेते : छाती अठ्ठावीस, मान चौदा.
चार सुलट, दोन उलट.
मागे उसात बिबट्या खोकतो.
गुंड्यावरची हनुवटी न उचलता
ती फक्त कान फिरवते,
माझा मात्र टाका सुटतो.

रविवारी पुण्यात, मैदानावर
हे म्हणाले, काढ आता ते स्वेटर.
काढलं.
कुणी दात पाहिले, कुणी पाठ चाचपली.
तिसरा नंबर.

परतताना टेम्पोत
हे फीत उलटसुलट करत बसले.
मी तिचा एकेक पाय बाहीत घातला.
बाही गरम होती,
इतका वेळ माझ्या मांडीवर होती ना.