गिलके साहेबांचा रुमाल

नाव गिलख्रिस्ट. लोको शेडच्या हजेरीपटावर
कुणा कारकुनानं एकदा गिलके लिहिलं,
तेव्हापासून भुसावळभर
त्याच्या नावाची भजी तळतात.
तोही हसतो. म्हणतो, पावशेर बांधा.

वैशाखात आला दुकानी,
हातात सुपारीची जुनी डबी.
डबीत कापड, अर्धी वीत,
कसरीनं कडेकडेनं खाल्लेलं.
हिरव्यावर काळं, काळ्यावर निळं,
आणि मधून एक पिवळा दोरा,
हळदीचं बोट ओढल्यासारखा.

"खापरपणजोबाचं," म्हणाला. "बॉयलरबरोबर बोटीतून आलेलं.
असं काहीतरी शिव शिंपीदादा,
की रोज घालता येईल.
तो घागरा नको, नातवंडं हसतील.
कोट नको, सावलीत पंचेचाळीस आहे.
नाताळच्या नाटकातला राजा तर नकोच.
बाजारात वांगी घ्यायला जाताना
अंगावर थोडंसं असावं, बस."
आणि टेबलावर ठेवल्या
दहाच्या नोटा, नऊ.
दहावी त्यानं पुन्हा खिशात चाचपली. नव्हती.

मी फळीवरून काढत गेलो.
लुंगीची चौकट, फार मोठी.
चादरीची, फारच आनंदी.
तो न बोलता एकेक बोटानं मागे सारी,
नको असलेल्या स्थळांचे फोटो सारावेत तसं.
शेवटी पोत्याच्या तळाशी
कॉन्व्हेंटच्या जुन्या गणवेशाचं
उरलेलं सव्वा मीटर, मुलींच्या स्कर्टचं.
शाळेनं रंग बदलून तीन वर्षं झालेली.
हिरवं होतं. काळं होतं. निळं, जवळपास.
पिवळा दोरा नव्हता.

"तो मी टाकतो," म्हणालो, मशीनवर बसलो.
तो एकदम खाली वाकला.
वाटलं, सुई पडली असेल.
अंगठा जिभेला लावून
त्यानं मशीनवरचा पितळी पत्रा पुसला,
नंबर वाचला, अक्षर अक्षर,
आणि बराच वेळ वर आला नाही.
"हे क्लाइडकाठचं आहे," म्हणाला. "आमच्या नदीचं."
चाळीस वर्षं मी ह्याला तेल पाजतोय.
बापानं बैलगाडीत घालून
जळगावहून आणलं होतं,
मी समजत होतो, जळगावचंच.

मग काय शिवायचं ते आपोआप ठरलं.
मानेवर टाकायचा रुमाल.
इकडे सगळेच टाकतात,
उन्हाला कुणी कारण विचारत नाही.
पिवळ्या रेघा घातल्या, उभ्या चौदा, आडव्या नऊ.
बर्फगोळेवाला दारात ओरडला
तेव्हा एक वाकडी गेली.
"उसवू का?"
"राहू दे भो. आम्ही तरी कुठे सरळ आलो."

कापडाचे साठ, शिलाईचे तीस.
मशीन त्याच्या गावचं असेल,
पण पाय माझे आहेत, सकाळपासून दुखतात.
त्यानं नोटा पुढे केल्या,
रिकामी डबी विसरून गेला.
तिच्यात आता मी बटणं ठेवतो.

रविवारच्या बाजारात दिसला.
अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात स्लीपर,
आणि डाव्या खांद्यावर तिरपा तो रुमाल,
शेडमधली कसलीशी पितळी चकती
पिन म्हणून खोचलेली.
चालणं मात्र असं,
की मागे कुणी बाजा वाजवत असावं.
केळीच्या वेफरच्या कढईपाशी
दहावीतली एक पोरगी थबकली:
"अंकल, हा तर माझा सातवीचा स्कर्ट!"
मीच इकडे भेंडी निवडत मान खाली घातली.
त्यानं रुमाल जरा नीट केला.
"तुझ्या स्कर्टला पिवळी रेघ होती?"
"नाही."
"मग बघ," म्हणाला,
आणि भरताची वांगी घ्यायला पुढे गेला.
किलोमागे पाच रुपये कमी केल्याशिवाय
हलला नाही तिथून.