आवक-जावक

जकात बंद झाली त्या वर्षी
ऐरोली नाक्यावरून मी एकच वस्तू घरी आणली:
कोरी नोंदवही, उभ्या रकान्यांची,
डावीकडे आवक, उजवीकडे जावक.
बायको म्हणाली, आता काय लिहिणार हिच्यात?

२ मार्च. गॅलरीत अर्धी पपई ठेवली. बुलबुल, दोन.
९ मार्च. साळुंक्या. सेक्रेटरी टिपणीस यांची तक्रार,
खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीबाबत.
१० मार्च. चादर धुऊन दिली.
२१ मार्च, सकाळी सव्वासात: भोरड्या.
चोवीसपर्यंत मोजल्या, मग एकदम उठल्या
आणि मोजलेल्या, न मोजलेल्या एक झाल्या.
गुलाबी अंग, काळी डोकी,
कपाळाला पांगाऱ्याचे पराग.
पपई सालीसकट साफ.
आवक म्हणू की जावक?
मधल्या रेघेवरच लिहिलं.

रविवारी चाहू मढवीच्या होडीतून खाडीत.
ओहोटी, चिखल लांबवर उघडा.
वर पुलावरून ट्रक जात होते, न थांबता;
सवयीने दोघांचे नंबर वाचले.
कुरवांची डोकी काळी व्हायला लागलेली.
पाणटिवळे, हिवाळाभर राखाडी,
आता मानेपासून विटकरी,
चिखलात डोळ्यांपर्यंत चोच खुपसून खात होते.
"लांब जायचाय त्यांना," चाहू म्हणाला,
"खाव दे."

एकाच्या पायात कडं. पिवळं. त्यावर अक्षरं.

बत्तीस वर्षांत एकही गाडी
मी अर्धा नंबर लिहून सोडली नाही.
दुर्बीण डोळ्यांत रुतेपर्यंत दाबली:
दोन अक्षरं, एक आकडा,
पुढचा आकडा चिखलाखाली.
"जरा पुढं घे."
चाहूने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.
भरती येईल, चिखल धुतला जाईल, म्हणून थांबलो.
भरती आली.
पाणी त्याच्या पोटाला लागलं
आणि तो उठला, मग सगळेच उठले,
पुलावरून, आमच्या बंद नाक्यावरून,
कुणी हात न दाखवता.

रात्री वही उघडली.
जावक: पाणटिवळा, एक. नंबर अपुरा.
मालाचं वर्णन: खाडीचा चिखल, पायाला लागला तेवढा.
जकात: माफ.

डावीकडे एक ओळ आधीच होती, माझ्या अक्षरातली नाही.
आवक: धोबी, एक. गच्चीवर, टाकीच्या गळक्या नळापाशी.
सारखी शेपटी हलवत होता.
आणि वेळेच्या रकान्यात:
तुम्ही होडीत होतात तेव्हा.