अधिक-उणे दोन

पोस्टर क्रमांक एकतीस. खांबाच्या आड,
कॉफीच्या पिंपाजवळ, म्हणजे गर्दी असते
पण माझ्याकडे पाठ करून.
बिल्ल्यावर माझं आडनाव मावलं नाही,
शेवटचा र बाहेर राहिला : हरिपूरक.
चला, कुणाला तरी पूरक.

एम्स, आयोवा. मार्चचा शेवट.
बाहेर पार्किंगच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग,
आत विभागाचा वार्षिक संशोधन मेळावा :
छपन्न पोस्टरं, चीजचे चौकोनी तुकडे,
आणि जो तो आपली चार वर्षं
दोन मिनिटांत सांगायला टपलेला.
शेजारची नगीन पाठ केलेलं पहिलं वाक्य
स्वतःच्याच पोस्टरला म्हणून दाखवतेय.
हॅल्वरसन सरांनी लांबूनच मला अंगठा दाखवला.
आमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा होतो, पण असो.

माझा विषय : सायलोतून मका कसा वाहतो.
तळाचं भोक उघडलं की
भिंतीलगतचे दाणे जागचे हलत नाहीत,
मधले तेवढे खाली जातात, गुपचूप,
आणि काठावरून पाहणाऱ्याला वाटतं
काहीच घडत नाहीये.
हे मी पारदर्शक पिंपात, रंगवलेल्या दाण्यांनी,
सहाशे चौदा वेळा करून पाहिलंय.

'उद्योगक्षेत्रातले परीक्षक' अशी हिरवी फीत लावलेला
एक म्हातारा आला. ड्वेन टेस्डाल.
कुठल्याशा गावच्या सहकारी कोठाराचा जुना व्यवस्थापक.
गुणांचा कागद चार घड्या घालून खिशात.
मी सुरुवात केली. त्याने तळहात जरासा वर केला,
आणि बोट ठेवलं आकृती तीनवर,
बरोबर मधोमध, जिथे बाण सगळ्यात लांब आहेत.
"कर्ट इथे उभा होता."

मग विचारलं,
"गुडघ्यापासून छातीपर्यंत किती सेकंद?"

माझी तयारी होती घर्षणांकाची,
दाण्यांच्या आकाराची, पुढच्या कामाची,
'याचा खर्च किती' याचीसुद्धा.
माहितीपत्रकाच्या पाठीवर गणित मांडलं.
भोकाचा व्यास त्याने सांगितला, आठवावा न लागता.
त्या वर्षीच्या मक्यातला ओलावाही.
अकरा, मी म्हणाले.

तो मान हलवत राहिला.
"बटण पलीकडच्या अंगाला होतं.
वळसा घालून जायला तेरा लागतात.
पळत. मी नंतर पुष्कळदा मोजलंय."

आणि मी, काय बोलावं न सुचून,
शिकवलेलं तेच बोलून गेले :
यात अधिक-उणे दोन सेकंद धरावे लागतात.

"कुठल्या बाजूला?"

कॉफीच्या पिंपाचा नळ कुणीतरी नीट बंद केला नव्हता.
ते सांगता येत नाही, मी म्हणाले.
खरं तेच आहे. सहाशे चौदा वेळांनंतरही.

त्याने खिशातला कागद उलगडला,
खांबाला टेकवून गुण लिहिले.
किती, ते दिसलं नाही.
एका चौकटीत पेन बराच वेळ नुसतं टेकलेलं.

हरिपूरला हळदीची पेवं असत, जमिनीच्या पोटात.
झाकण काढलं की माणसाआधी
दोरीने कंदील उतरवायचे.
ज्योत विझली तर बसून राहायचं काठावर,
तंबाखू मळत, पेवाला वारा लागेपर्यंत.
आजोबांचे चुलते तिथे मापाडी होते.
एवढंच कळलंय मला त्यांच्याविषयी,
की कंदील वर येईपर्यंत
ते कुणाशी बोलत नसत.

बक्षीस ड्रोनवाल्याला गेलं. टाळ्या मीही वाजवल्या.
पोस्टरची गुंडाळी करताना आकृती तीन
सगळ्यात आत गेली.

बसथांब्यावर नगीनने विचारलं, कसं झालं?
म्हटलं, एकाने प्रश्न विचारला.
नशीबवान आहेस, ती म्हणाली,
मला कुणी काही विचारलंच नाही.