उत्तर घेऊन जायचं असतं

दुसऱ्या अंकात मी येतो, डावीकडून, धापा टाकत.
धापा खऱ्या. विंगेतला जिना चौदा पायऱ्यांचा
आणि मी सत्तावन्न वर्षांचा.
मुजरा. मग तीन वाक्यं:
महाराज, खिंड पडली.
सेनापती शत्रूला मिळाले.
युवराज परत येणार नाहीत.

एवढंच काम. पण लगेच निघता येत नाही,
दुतानं उत्तर घेऊन जायचं असतं.
म्हणून उभा राहतो मान खाली घालून.
मान खाली घातलेल्याला फार दिसतं.

राजा म्हणतो, ‘पुन्हा सांग.’
संहितेत एकदाच आहे.
अण्णा खळदकर दोनदा म्हणायचे, कधी तीनदा,
जसं काही तिसऱ्या खेपेला मी वाक्य बदलणार होतो.

प्रधान शेला सावरतो.
नव्या दरबारात कुठं बसायचं
ते तेवढ्यात ठरलेलं असतं त्याच्या खांद्यात.

राणी हातातलं तबक खाली ठेवते,
आवाज होऊ न देता.
कुमुद रास्ते ते असं ठेवायची
की मला वाटे, हिला पहिल्या अंकापासून ठाऊक आहे,
कुणीतरी तोंडानं बोलायची वाट बघत होती.

धाकटी राजकन्या हसते.
प्रेक्षक चिडतात तिच्यावर.
मी नाही चिडत.

कारण दिवसा मी महापालिकेत.
एकोणीस वर्षं रस्तारुंदीच्या नोटिशी वाटल्या,
गंज पेठ, नाना पेठ, भवानी पेठेचा अर्धा भाग.
सही घ्यायची, तारीख टाकायची.
सायकलवाले ओसवाल पाकीट फोडायच्या आत
समोरच्या गाळ्याचं भाडं विचारू लागले.
एक बाई कणकेच्या हातांनी म्हणाली, कडीला अडकवून जा,
आणि पोळी करपेल म्हणून आत गेली.
चष्मा डोळ्यावर असून ‘जरा वाचून दाखवा’ म्हणणारे तर
गल्लीत दोन तरी.

कुलपं दुरुस्त करणारे बागवान मात्र
आमच्या नाटकात कुठंच नव्हते.
नोटीस घडी घालून गल्ल्याखाली ठेवली
आणि म्हणाले, ‘जेवलात का?’

हे वाक्य पाच अंकी मूळ प्रतीतही नाही.
मी शोधलं.

शेवटच्या वर्षी अण्णांना ऐकू येईना.
‘पुन्हा सांग.’ सांगितलं.
‘पुन्हा सांग.’ ओरडून सांगितलं.
चौथ्यांदा त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं
आणि हळूच म्हणाले, ‘बरं.’
टाळ्या थांबेनात.
मेकअप खोलीत मी पाणी दिलं तर विचारतात,
आज तू आलास कधी स्टेजवर?

नवा दिग्दर्शक शाल्व, तिशीचा, हुशार पोरगा.
टिळक रोडला शाळेच्या हॉलमध्ये तालीम,
लहान बाकांवर आम्ही गुडघे दुमडून.
म्हणाला, ‘काका, दूत काढतोय.
राजाचा फोन वाजेल. आजच्या माणसाला ते भिडेल.’

मी ‘पुन्हा सांग’ म्हणालो नाही.
विचारलं, शेला आणि पागोटं कुणाकडे जमा करू.
वर हसलोसुद्धा.
बसमध्ये मात्र खिडकीच्या काचेला
तीन वाक्यं सांगितली, एकदा दांडेकर पुलाला,
एकदा सिंहगड रस्त्याच्या सिग्नलला.
सिग्नल सुटला. उत्तर कुणी दिलं नाही.

पहिल्या प्रयोगाला गेलो, पास होता.
अकरावी रांग, खांबाच्या बाजूची.
राजा नवा, दंड भरलेले, आवाज चांगला.
दुसरा अंक. शांतता.
डावीकडच्या विंगेकडे मी एकटाच बघत होतो.

फोन वाजला.

आणि अख्ख्या थिएटरात,
बाल्कनीपर्यंत,
माणसं दचकून आपापला खिसा चाचपू लागली.
पर्सेसच्या चेनी. कुणीतरी ‘अरे माझा नाही’.
शेजारच्या आजोबांनी तर काढून कानालाही लावला.

मीही चाचपला.