नुसता दर बघायचा होता

उद्यमनगरात, लेथ थांबवून,
तेलकट अंगठ्यानं
बासष्ट-शून्य-चार बेअरिंगचा दर शोधला.
दिसला. अर्धाच.
वर पडदा आला : ॲपमध्ये उघडा.
बंद करायची फुली एवढी बारीक
की व्हर्नियर लावावा लागेल.

'आत्ता नको' दाबलं.
दोन ओळी सरकलो, परत तेच.
'आत्ता नको' आहे, 'नंतर' आहे,
नुसतं 'नको' कुठंच नाही.

शाहूपुरीत दस्तगीर शिकलगारांच्या दुकानातनं
कितीदा दर विचारून तसाच आलोय.
ते म्हणायचे, या परत.
कधी सोयऱ्यांचे नंबर मागितले नाहीत,
की रात्री अकराला कडी वाजवली नाही
'बेअरिंग राहिलं की ओ तुमचं' म्हणत.

धाकटी म्हणाली, पप्पा,
वेबसाइटवरनं माणूस उठून जातो.
ॲप घरात राहायला येतं.

तेवढ्यात अंगठा घसरला
आणि ते उतरलंच.
दर अजून सांगितला नाही. विचारतंय :
तुमचं ठिकाण कायम कळू द्यायचं?

चकमध्ये जॉब तसाच आहे, वर बल्ब.
कळू दे की.
बावीस वर्षं इथंच उभा आहे.