अधिक चार

गेज-रूममधून रिटायर झाले, त्या पैशांतले थोडे,
थोडे कसले, बरेच,
मनगटाला बांधून आणले.
सेल नसलेलं घड्याळ. पाठीला काच.
आत एक चाक
सारखं नाही-नाही म्हणत मान हलवणारं.

धारवाड आकाशवाणीच्या टिकटिकीला मिळवून झोपले.
सकाळी अकरा सेकंद पुढं.

एकतीस वर्षं उद्यमबागेत मायक्रोन मोजलेले मी,
ए.सी. वीसवर, हातमोजे घालून.
मला अकरा सेकंद म्हणजे
बोलवायच्या आत घरात शिरलेला पाहुणा.

जुन्या इन्स्पेक्शन पॅडवर रकाने आखले.
रात्री काच वर : अधिक नऊ.
चावी खाली : उणे दोन.
हातात, दिवसभर : अधिक सात.
ऐतवारी मांडे केले त्या दिवशी काढून ठेवलं,
तो रकाना कोरा.

खडेबाजारात ईरण्णा तोरगल.
पाटीवर कानडी ठळक,
रंगाखालून जुनी मराठी अजून वाचता येते.
डोळ्याला भिंग लावून त्यानं बराच वेळ ऐकलं,
हो, ऐकलंच.
"सोल्प तडीरी अक्का.
तेल अजून सगळीकडं पोचलं नाही.
स्प्रिंग कोरी हाय. दोन महिने अंगावर वागवा,
आताच स्क्रू फिरवला तर मग फिरवतच बसाल."

तडीरी. थांबा जरा.
हे मला कुणीतरी मराठीत म्हटलं होतं.

परशराम कंग्राळकर, लेथवरचा पोरगा,
पहिला पगारही झाला नव्हता.
बुश तीन मायक्रोन जास्त.
"चालतंय की ओ मॅडम, बसल्यावर बसतंय."
मी लाल रंगाचा ब्रश उचलला.
लोखंड सवयीनं सुधारत नाही, म्हटलं.
सगळ्यांदेखत म्हटलं.

नियम बरोबरच होता. आजही तेच करीन.
फक्त ते वाक्य
पॅडच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दोन महिन्यांनी : अधिक चार.
तिसऱ्या महिन्यातही चार.
वर्षाला चोवीस मिनिटं वीस सेकंद,
हिशेब केलाच.
ईरण्णा म्हणाला, आता लावून देतो शून्यावर.
मी हात मागं घेतला.

काल दुसऱ्या गेटला मालगाडी.
शेजारच्या स्कूटरवर पिकलेल्या मिशांचा माणूस,
मागं शाळेच्या कपड्यांतली मुलगी.
ओळखलं त्यानं. हसला नाही, मान हलवली.
"किती वाजले हो मॅडम?"

सहा सत्तेचाळीस, म्हटलं,
आणि परशराम,
चार सेकंद जास्त आहेत त्यात.
चालतंय.